लोण्याचा रंग आणि डुकरांचा दाणा

पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता. त्याच्या भूमीवर लढाई झाली नाही, त्याचे गोठे दुभत्या गाईंनी भरलेले होते आणि त्याच्या लोण्याला ब्रिटन व जर्मनी या एकमेकांच्या शत्रूंकडून भरपूर भावाने मागणी होती. तरीही त्या काळात डेन्मार्कमधली काही लहान मुले आंधळी होत होती. त्यांचे डोळे आधी कोरडे पडत, मग बुबुळावर व्रण येत आणि वेळीच उपचार झाला नाही तर दृष्टी कायमची जाई. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांनी या मुलांच्या आहाराचा माग काढला. ही बहुतेक गरीब घरांतली मुले होती. त्यांना साय काढून घेतलेले दूध, पेज आणि मार्गारीन मिळत होते. सायीचे लोणी होऊन परदेशी जात होते आणि पावावर लावायला घरात मार्गारीन होते. रंगाने पिवळे, चवीला बरे आणि पोटाला तितकेच स्निग्ध. १९१७ मध्ये पाणबुड्यांच्या युद्धामुळे समुद्रमार्ग आवळले गेले, मार्गारीनला लागणारी परदेशी तेले येईनाशी झाली आणि सरकारला त्या वर्षअखेरीस लोण्याचेच रेशनिंग करावे लागले: माणशी आठवड्याला २५० ग्रॅम, गरिबालाही परवडेल अशा दरात. पुढच्या वर्षात डोळ्यांचा तो विकार जवळजवळ नाहीसा झाला. टंचाई वाढली आणि मुलांची दृष्टी वाचली, असा हा उलटा हिशेब आहे.

युद्धकाळातल्या पर्यायी अन्नाविषयी आपण सहसा गमतीने किंवा हळहळीने बोलतो. भाजलेल्या बार्लीची कॉफी, बटाट्याचा पाव, अंड्याऐवजी पिवळी भुकटी अशी यादी वाचायला मनोरंजक असते आणि तिच्यातून माणसाच्या कल्पकतेचे कौतुक करता येते. मला मात्र वाटते, की या यादीत दोन अगदी वेगळे उद्योग एकत्र कालवले गेले आहेत. एका उद्योगात हरवलेल्या पदार्थाचे रूप, रंग, चव यांची नक्कल केली जाते. दुसऱ्यात अन्नाची वाट बदलली जाते, म्हणजे जे धान्य जनावराच्या गव्हाणीत, दारूच्या भट्टीत किंवा गिरणीच्या कोंड्यात जात होते ते माणसाच्या ताटाकडे वळवले जाते. पहिला उद्योग दुकानात दिसतो, जाहिरातीत मिरवतो आणि आठवणींत टिकतो. दुसरा कंटाळवाणा असतो, त्यात सरकारी आदेश, खरेदीचे दर आणि गिरण्यांची तपासणी असते. पण मोठ्या संख्येने माणसे जगली ती बहुधा या दुसऱ्यामुळे. नक्कल निरुपद्रवी असते ती मूळ पदार्थाचे काम फक्त जिभेपुरते असेल तेव्हाच. ते काम शरीराच्या आत, कुणाच्या लक्षात न येता चाललेले असेल, तर नक्कल धोका देते, कारण ती उणीव झाकते.

मार्गारीनचा जन्मच टंचाईच्या चिंतेतून झाला. तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता; इपोलित मेज-मूरिएस या रसायनतज्ज्ञाने १८६९ मध्ये तो गुरांच्या चरबीपासून तयार केला. त्या काळच्या शास्त्राच्या दृष्टीने ही नक्कल पूर्ण होती. स्निग्ध पदार्थाचे काम ऊर्जा देणे, आणि ती ऊर्जा दोन्हींत सारखी, एवढेच तेव्हा ठाऊक होते. लोण्यात आणि अंड्याच्या बलकात ऊर्जेपलीकडे काहीतरी आहे, हे अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले ते १९१३ मध्ये. पुढे त्यालाच अ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. त्यामुळे डेन्मार्कच्या आयांना किंवा दुकानदारांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीचे अस्तित्वच माहीत नाही तिची नक्कल कशी करणार? नकलेची ही मर्यादा मूलभूत आहे. आपल्याला मूळ पदार्थाविषयी जेवढे कळलेले असते तेवढ्याचीच प्रतिकृती करता येते, आणि उरलेले गुपचूप गळून पडते.

नकलेच्या उद्योगाचे सर्वांत मोठे प्रदर्शन त्याच युद्धात जर्मनीत झाले. ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केली आणि युद्धापूर्वी अन्न, पशुखाद्य व खते यांचा बराच भाग आयात करणाऱ्या या देशात 'एर्झाट्झ' म्हणजे पर्यायी मालाची लाटच आली. युद्ध संपेपर्यंत अशा नोंदलेल्या पदार्थांची संख्या ११,००० च्या वर गेली होती. त्यांत एकट्या सॉसेजचे पर्याय ८३७ होते. अंड्याची भुकटी म्हणून रंगवलेला स्टार्च विकला गेला, मिऱ्याच्या पुडीत राख आली. कॉफी आधी बार्लीची झाली, मग कंदमुळांची. पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झालेले कोनराड आडेनाउअर तेव्हा कोलोन शहराच्या कारभारात होते. त्यांनी रुमानियाच्या मक्याचे पीठ घातलेला पाव तयार करवला. १९१६ मध्ये रुमानिया शत्रूपक्षात गेला आणि मका बंद झाला. मग त्यांनी सोयाबीनच्या पिठाचे सॉसेज काढले. मांस नसलेल्या पदार्थाला सॉसेज म्हणणे जर्मन नियमांत बसत नव्हते, त्यामुळे त्याचे पेटंट त्यांना अखेर मिळाले ते शत्रूच्या, म्हणजे ब्रिटनच्या, कार्यालयातून. या सगळ्या कल्पकतेत आडेनाउअरांचा सोया हा मोजक्या सन्माननीय अपवादांपैकी एक म्हणावा लागेल, कारण त्यात मांसाच्या जागी खरोखर प्रथिने होती. बाकीच्या बऱ्याच मालाचा दर्जा इतका घसरला, की १९१८ मध्ये सरकारला असा कोणताही पदार्थ विक्रीला आणण्यापूर्वी मंजुरी घेण्याचे बंधन घालावे लागले. तोवर १९१६–१७ चा हिवाळा येऊन गेला होता. बटाट्याच्या पिकावर करपा पडून उत्पादन निम्म्याच्या आसपास आले होते आणि शहरांतले लोक एरवी गुरांना घातला जाणारा, सलगमाच्या कुळातला रुटाबागा हा कंद सकाळ-संध्याकाळ खात होते, त्याच्याच पावावर त्याचाच मुरंबा लावून. नाकेबंदीच्या काळातल्या जादा नागरी मृत्यूंचे अंदाज चार लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत जातात.

इथे एक अडचण येते आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. जर्मनांना अन्नाची वाट बदलण्याची कल्पना सुचलीच नव्हती, असे नाही. डुक्कर माणसाशी थेट स्पर्धा करते. गाय गवत खाते, ते माणसाला खाता येत नाही. डुकराला मात्र धान्य आणि बटाटे लागतात आणि त्यांतली बहुतांश ऊर्जा त्याच्या स्वतःच्या जगण्यातच खर्च होते. हे गणित जर्मन प्राध्यापकांनी युद्धाच्या पहिल्याच वर्षी मांडले आणि १९१५ च्या वसंतात लक्षावधी डुकरे कापली गेली. जर्मन इतिहासात ही घटना 'डुक्करहत्या' म्हणून ओळखली जाते आणि एक घोडचूक म्हणून सांगितली जाते. काही आठवडे मांसाचा पूर आला, घाईने डबाबंद केलेल्या मालाचा काही भाग नासला, नंतर डुकराचे मांस आणि चरबी दुर्मिळ झाली, शेतात शेणखत कमी पडले. मग वाट बदलण्याचा माझा मुद्दा इथेच कोसळत नाही का? मला तसे वाटत नाही, कारण जर्मनीत डुकरे कमी झाली तरी वाट बदललीच नाही. सरकारने धान्य आणि बटाटे यांचे कमाल दर ठरवले, पण जनावरांच्या दरांवर तितका घट्ट ताबा ठेवला नाही. स्वस्तात बटाटे विकण्यापेक्षा उरलेल्या डुकरांना ते घालून मांस चढ्या भावाने, बरेचदा काळ्या बाजारात, विकणे शेतकऱ्याला परवडत होते. त्याने तेच केले. त्यात स्फोटकांच्या कारखान्यांनी नायट्रोजन पळवला, आघाडीने शेतमजूर आणि घोडे नेले. दाणा माणसाकडे वळावा म्हणून डुक्कर मारणे पुरत नाही; दाण्याचा पुढचा सगळा प्रवासही हातात असावा लागतो.

डेन्मार्कने हा प्रवास हातात घेतला. १९१७ मध्ये मका आणि पेंड यांची आयात तुटली तेव्हा आहारतज्ज्ञ मिकेल हिंदहेडे सरकारचे सल्लागार होते. कोपनहेगनमध्ये सरकारी पोषण प्रयोगशाळा ते चालवत असत आणि बटाट्यावर माणूस किती काळ धडधाकट राहतो याचे प्रयोग त्यांनी आपल्या सहकाऱ्यांवर करून पाहिले होते. त्यांचा सल्ला सरळ होता. डुकरे सुमारे चार-पंचमांशांनी कमी करा, गाईंचीही संख्या थोडी घटवा, राय आणि बार्ली सरकारने ताब्यात घ्यावी, धान्य दारूच्या भट्टीला देऊ नये आणि कोंडा पिठातून काढू नये. लोक कोंड्याचा काळा पाव, बार्लीची लापशी, बटाटे, भाजी, दूध आणि ठरलेले लोणी एवढ्यावर राहिले. या आहारात नक्कल अशी कुठेच नव्हती. बार्लीची लापशी दुसऱ्या कशाचे सोंग आणत नव्हती. हिंदहेडे यांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, ऑक्टोबर १९१७ ते ऑक्टोबर १९१८ या कडक रेशनिंगच्या वर्षात मृत्युदर हजारी १०.४ वर आला; त्याआधीचा नीचांक १२.५ होता.

हे आकडे जपून वापरायला हवेत. हिंदहेडे कमी मांस आणि कमी प्रथिनांच्या आहाराचे जुने प्रचारक होते, म्हणजे स्वतःच्या खटल्यात न्यायाधीशही तेच. शिवाय त्याच काळात दारूवरचा कर इतका वाढला, की ९० ओरेची ब्रँडीची बाटली ११ क्रोनरला, म्हणजे बारापटीने महाग झाली. मृत्यू कमी झाले ते कोंड्यामुळे की दारू सुटल्यामुळे, हे वेगळे काढणे अवघड आहे. दारूमुळे होणारे आजार नक्कीच घटले. निवडलेले वर्ष १९१८ च्या शरदातल्या इन्फ्लुएंझाच्या लाटेपूर्वी संपते, हीदेखील सोय आहे. आणि डेन्मार्क तटस्थ, लहान आणि मुळातच शेतीप्रधान होता. कोट्यवधी सैनिकांना दोन आघाड्यांवर पोसणाऱ्या औद्योगिक देशाशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे आहे. हे सारे आक्षेप मान्य करून जे उरते ते मात्र पुरेसे आहे. समुद्रमार्ग आवळलेल्या एका देशात कुणी उपाशी मेले नाही, मृत्युदर वाढला तर नाहीच, आणि हे करण्यासाठी एकही नवा पदार्थ शोधावा लागला नाही. दारू कमी होणे हासुद्धा अन्नाची वाट बदलण्याचाच भाग होता, कारण भट्टीत जाणारी बार्ली लापशीत आली. कोंड्याला सगळे श्रेय द्यावे असा माझा आग्रह नाही.

कोंड्याला सगळे श्रेय देऊ नये याचे दुसरेही कारण आहे, आणि ते पुढच्या युद्धात कळले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जहाजांतली जागा वाचवण्यासाठी १९४२ पासून ८५ टक्के उताऱ्याचे पीठ सक्तीचे केले. शंभर किलो गव्हातून आता ८५ किलो पीठ निघू लागले. या करड्या 'नॅशनल लोफ'ला लोकांनी मनसोक्त नावे ठेवली, पण युद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये पावाचे रेशनिंग करावे लागले नाही. मात्र पाव सरसकट करडा करण्यापूर्वी केंब्रिजमध्ये मॅकान्स आणि विडोसन यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग करून दाखवले होते, की कोंड्यातले फायटिक आम्ल अन्नातल्या कॅल्शियमला जखडून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. दूध कमी आणि कोंडा जास्त असा आहार वाढत्या हाडांना जड जाऊ शकतो. म्हणून पिठात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळायचे ठरले. माणसांना खडू खायला घालता काय, म्हणून त्यावर वादही झाला. शेजारच्या आयर्लंडने १९४२ मध्ये गव्हाचा कणही न सोडता १०० टक्के उताऱ्याचे पीठ वापरले. डब्लिनमधल्या मुलांत मुडदूस वाढल्याचे आढळले आणि उतारा पुन्हा खाली आणावा लागला. म्हणजे वाट बदलण्यातही जे दिसत नाही ते मोजणारा माणूस लागतो. ब्रिटनकडे तो होता: अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड स्वतः जीवनसत्त्वांचे अभ्यासक होते. मार्गारीनमध्ये अ आणि ड जीवनसत्त्वे घालणे ब्रिटनमध्ये १९४० मध्येच सक्तीचे झाले होते. कोपनहेगनच्या मुलांची कथा तोवर पोषणशास्त्राच्या पुस्तकांत पोहोचली होती. नक्कल सुधारता येते, हे मला नाकारायचे नाही. पण ती सुधारते ती कुणाला तरी किंमत मोजावी लागल्यानंतर, हेही खरे आहे.

यावर सर्वांत कठीण प्रश्न लेनिनग्राड विचारते. वळवायला काही उरलेलेच नसेल तर? ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी शहर जमिनीच्या बाजूने तोडले आणि त्याच दिवशी बादायेव गोदामे बॉम्बहल्ल्यात जळाली. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर या काळात कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम आणि बाकीच्यांना १२५ ग्रॅम पाव मिळत होता. त्यात माल्ट होते, सरकीची पेंड होती, लाकडापासून काढलेला सेल्युलोज होता. लोकांनी कातडी पट्टे उकळले, सुताराच्या सरसाची जेली करून खाल्ली. इथे पर्यायी अन्नाची खिल्ली उडवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण या भयंकर पावाकडे नीट पाहिले तर त्यातही भेद दिसतो. सेल्युलोजने वजन वाढले. माणसाच्या आतड्याला तो पचत नाही, त्यामुळे त्याने एक कॅलरीही दिली नाही. सरकीची पेंड मात्र बंदरात बोटींच्या भट्ट्यांत जाळण्यासाठी ठेवलेली होती. तिच्यातले गॉसिपॉल हे विष उष्णतेने निष्प्रभ होते याची खात्री करून ती भट्टीऐवजी भाजणीला नेली, आणि तिच्यात खरी प्रथिने होती. पाइनच्या सुयांचा कडू काढा कशाचीच नक्कल नव्हता. त्यात क जीवनसत्त्व होते आणि स्कर्व्ही रोखण्यासाठी तो मोठ्या प्रमाणावर तयार केला गेला. या सगळ्याने शहर वाचले असे म्हणता येत नाही. वेढ्यात आठ लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे गेली आणि जी जगली ती गोठलेल्या लादोगा सरोवरावरून आलेल्या पिठामुळे आणि शहराबाहेर नेले गेल्यामुळे. कोणत्याही पर्यायाला एक तळ असतो; त्याखाली प्रयोगशाळेच्या हाती फारसे काही नसते.

आता एक उलट उदाहरण, ज्यात वळवलेले धान्य उत्तम होते आणि तरीही घात झाला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ भारतात येणे थांबले आणि १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. लंगरखान्यांतून उपाशी लोकांना पातळ पेज वाटली गेली, त्यासाठी बाहेरच्या प्रांतांतून बाजरी आणली गेली. आपल्याकडे घाटावर बाजरीची भाकरी हे रोजचे जेवण आहे, पोषणाच्या तक्त्यात ती तांदळापेक्षा सरस ठरते. पण भातावर वाढलेल्या बंगालातल्या स्वयंपाक्यांना ती कशी दळावी, किती शिजवावी हे माहीत नव्हते, आणि अर्धकच्च्या भरडीची पेज आठवडेच्या आठवडे रिकाम्या राहिलेल्या पोटांना सोसली नाही. अनेकांची हगवण बळावली. दुष्काळ चौकशी आयोगानेही या अपरिचित धान्याच्या अडचणीची दखल घेतली. धान्याबरोबर ते शिजवणारा हात आणि पचवण्याची ताकद असलेले शरीर लागते, हे पोषणाचा तक्ता सांगत नाही. (१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात आलेला अमेरिकन मिलो तर ज्वारीचाच भाऊबंद होता, तरी त्याच्या लाल, जाड भाकरीबद्दलची कुरकूर अजून अनेकांच्या स्मरणात आहे.) बंगालातला मूळ दोष अर्थात बाजरीचा नव्हताच. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की प्रांतातला एकूण धान्यसाठा उपासमारीचे स्पष्टीकरण देण्याइतका घटलेला नव्हता. भाव चढत गेले तसा शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या हातचा पैसा तांदूळ विकत घ्यायला पुरेनासा झाला. मुंबईत मे १९४३ मध्ये सार्वत्रिक रेशनिंग सुरू झाले. कलकत्त्यात ते १९४४ च्या जानेवारीअखेरीपर्यंत आले नाही, आणि खेड्यांत तर मरणाऱ्यांसाठी उशिरा निघालेले लंगरखानेच होते. सरकारने नेमलेल्या आयोगानेच मृतांचा आकडा पंधरा लाख धरला, नंतरचे अभ्यासक तो वीस ते तीस लाख सांगतात.

एक आक्षेप अजून बाकी आहे: माणूस फक्त पोषणावर जगत नाही, सकाळच्या कॉफीची नक्कलही त्याला धीर देते. हे मला पूर्ण मान्य आहे. नेपोलियनच्या काळात कॉफी दुर्मिळ झाली तेव्हा फ्रेंचांनी चिकोरी जवळ केली आणि टंचाई संपल्यावरही सोडली नाही. चिकोरीत कॅफीन नसते, पण तिने कुणाचे नुकसानही केले नाही, कारण कॉफीचे कामच मुळात तरतरीचे, उबेचे आणि चार माणसे जमवण्याचे होते. नकलेला हे क्षेत्र खुशाल द्यावे. लोणी, दूध, अंडे यांच्याबाबत मात्र हात आखडता घ्यायला हवा. आपल्याकडचा वनस्पती तुपाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेला हा पदार्थ दाणेदार, तुपासारखाच दिसणारा. म्हणून भारतात कायद्याने त्याच्यात दोन गोष्टी घालायला लावल्या. एक अ जीवनसत्त्व, म्हणजे नकलेत गळलेले परत यावे. दुसरी तिळाचे तेल, कारण ते रासायनिक चाचणीत लगेच रंग देते आणि साजूक तुपात वनस्पतीची भेसळ केली तर ती पकडता येते.

ब्रिटनमध्ये युद्धानंतर, १९४६ ते १९४८ या काळात, पावाचेही रेशनिंग करावे लागले आणि पन्नाशीच्या दशकात पांढरा पाव परतला. लोकांनी करडा पाव आनंदाने टाकून दिला. पिठातला खडू मात्र कुणी काढला नाही. आजही ब्रिटनच्या नियमांनुसार गव्हाच्या पांढऱ्या पिठात कॅल्शियम कार्बोनेट मिसळावे लागते. पूर्ण कोंडा असलेल्या पिठाला, ज्याच्या फायटिक आम्लासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला होता, त्यातून सूट आहे.